विंडोज मारली आणि डी ड्राइव्ह गेला: उडालेल्या पार्टिशनमधला डेटा परत काढताना

विंडोज नव्यानं टाकली आणि डी ड्राइव्ह दिसेनासा झाला, असं तुमच्या बाबतीत आत्ताच घडलं असेल तर आधी तो कॉम्प्युटर बंद करा आणि बाकीचं मोबाइलवर वाचा. बंद म्हणजे पूर्ण बंद. स्लीप नाही, रीस्टार्टही नाही. एक्स्टर्नल डिस्क असेल तर केबल काढून बाजूला ठेवा. पार्टिशन, म्हणजे डिस्कचा सी किंवा डीसारखा भाग, परत येणार की नाही हे बहुतेक वेळा पहिल्या तासाभरात ठरतं. त्या तासात रिकव्हरीचं सॉफ्टवेअर किती महागाचं आहे याला काही अर्थ नसतो. डिस्कवर नवीन काही लिहिलं गेलं का, एवढाच प्रश्न असतो.

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. ही तक्रार वर्षभर येते, पण मार्चअखेरीला आणि लग्नसराईनंतर जास्त. मार्चमध्ये टॅलीवर हिशेब ठेवणारे आणि उद्यमनगरातले कारखानदार येतात. हिशेबाच्या घाईत कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून कुणीतरी विंडोज मारून दिलेली असते. मे-जूनमध्ये फोटोग्राफर येतात. एकदा हुपरीहून एक चांदी कारागीर आले होते, पैंजणांची बारा वर्षांची डिझाइनं असलेली डिस्क रुमालात गुंडाळून. सगळ्यांचं पहिलं वाक्य जवळपास तेच असतं: "दादा, डी ड्राइव्हच दिसंना झालाय बघा."

शाहूपुरीतल्या एका फोटोग्राफरची डिस्क मी उदाहरणाला घेतो, कारण तिच्यात होण्यासारखं सगळं झालं होतं. १ टीबीची साधी हार्ड डिस्क. विंडोजमध्ये ती ९३१ जीबी दिसते, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या पटीत. त्यातला सी साधारण १५० जीबीचा, उरलेला सगळा डी. डीमध्ये त्या हंगामातली सगळी लग्नं. अल्बम अजून कुणालाच दिलेले नव्हते.

विंडोज टाकताना पडद्यावर अडचण आली होती: या डिस्कवर एमबीआर पद्धतीचा पार्टिशन तक्ता आहे, विंडोज फक्त जीपीटी डिस्कवर टाकता येईल. तक्ता म्हणजे डिस्कवरच्या पार्टिशनांची नोंद, एमबीआर ही तिची जुनी पद्धत आणि जीपीटी नवी. हा संदेश लक्षात ठेवा, कारण माझ्याकडे आलेल्या बऱ्याच डिस्कांचं नुकसान इथूनच सुरू झालेलं असतं. मदतीला आलेल्या ओळखीच्या मुलानं इंटरनेटवर बघितलं, सगळी पार्टिशनं डिलीट केली, एकच मोठं पार्टिशन केलं आणि विंडोज टाकली. त्याचा हेतू चांगलाच होता. मग ड्रायव्हर, मग फोटोशॉप. संध्याकाळी फोटोग्राफरनं विचारलं, "डी कुठाय?" तेव्हा दोघांच्या लक्षात आलं. त्यानंतर त्यांनी जे केलं त्यानं मूळ चुकीपेक्षा जास्त नुकसान झालं. त्याच डिस्कवर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर उतरवलं, चालवलं, आणि सापडलेले फोटो त्याच डिस्कच्या नव्या सीमध्ये साठवले. सुमारे ६० जीबी.

पुसलं काय जातं आणि राहतं काय

गावाकडच्या माणसाला मी हे सातबाऱ्यावरून सांगतो. गटाची नोंद रजिस्टरमधून काढली म्हणून शेत जागचं हलत नाही. ऊस उभाच असतो. पण नोंद नाही म्हटल्यावर ती जमीन मोकळी समजली जाते आणि दुसरा कुणी येऊन नांगर घालू शकतो. पार्टिशन डिलीट करणं म्हणजे नोंद काढणं. फायलींवर नांगर फिरतो तो नंतर, नवीन काही लिहिलं जाईल तेव्हा, आणि जिथं लिहिलं जाईल तिथंच.

एमबीआर डिस्कवर ही नोंद पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या पहिल्या ५१२ बाइटच्या कप्प्यात, असते. त्यात पार्टिशनसाठी फक्त चार ओळी, प्रत्येक ओळ १६ बाइटची: पार्टिशन कुठल्या सेक्टरला सुरू होतं, किती सेक्टरचं आहे, कोणत्या प्रकारचं आहे. म्हणजे सगळा डी ड्राइव्ह दिसेनासा व्हायला १६ बाइट पुरतात. आणि परत आणायलाही तेवढेच लिहावे लागतात, फक्त आकडे बरोबर हवेत.

जीपीटी डिस्कवर तक्ता मोठा असतो, १२८ नोंदींची जागा असते, आणि त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते. हे वाचून लोकांना वाटतं की शेवटची प्रत वापरली की काम झालं. पहिली प्रत बिघडली असेल तर खरंच होतं. पण पार्टिशन तुम्ही डिस्क मॅनेजमेंटमधून स्वतः डिलीट केलं असेल तर विंडोज दोन्ही प्रती बदलतं. तिथं दुसऱ्या प्रतीचा काही उपयोग नाही.

खरा आधार पार्टिशनच्या आत असतो. एनटीएफएस ही विंडोजची नेहमीची फाइल सिस्टीम, म्हणजे फायली लावायची पद्धत. अशा पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरमध्ये त्याची स्वतःची माहिती असते, आणि त्या सेक्टरची प्रत पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरमध्ये. शिवाय एमएफटी नावाची नोंदवही असते, तिच्यात प्रत्येक फाइलचं नाव, फोल्डर, तारीख आणि ती डिस्कवर कुठं पसरली आहे ते लिहिलेलं असतं. ही एमएफटी शाबूत असेल तर फायली नावानिशी, फोल्डरनिशी परत मिळतात. ती गेली असेल तर फोटो मिळतात पण नावं मिळत नाहीत. रिकव्हरीतला सगळ्यात मोठा फरक हाच आहे.

फोटोग्राफरच्या डिस्कचं नशीब यात होतं की नव्या मोठ्या सीची एमएफटी पार्टिशनच्या सुरुवातीपासून साधारण ३ जीबीवर तयार झाली, आणि तो भाग जुन्या सीचा होता. जुन्या डीची एमएफटी तिथून दीडशे जीबी पुढं होती. विंडोज आणि फोटोशॉपनं बहुतेक जुन्या सीचीच जागा खाल्ली. डीला धक्का लावला तो त्या साठ जीबीनं.

हात लावायच्या आधी बघायच्या गोष्टी

डिस्क टकटक आवाज करत असेल, फिरून थांबत असेल, किंवा बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) कधी दिसते कधी नाही असं होत असेल, तर हे पार्टिशनचं दुखणं नाही. आतलं हेड, म्हणजे वाचणारा-लिहिणारा भाग, किंवा मोटर गेलेली असते. तिच्यावर कुठलंही सॉफ्टवेअर चालवू नका. हे हेड डेटा असलेल्या फिरत्या प्लेटच्या पृष्ठभागापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. बिघडलेलं हेड फिरत राहिलं तर प्लेटच खरवडून निघते. अशी डिस्क उघडून दुरुस्त करण्यासाठी धूळमुक्त खोली असलेली लॅब लागते. माझ्या दुकानात ती सोय नाही, आणि टेबलावर डिस्क उघडून दाखवणाऱ्याकडे ती देऊ नका एवढंच सांगू शकतो. फ्रीजमध्ये ठेवायचा उपाय अजून कुणी ना कुणी सुचवतंच. त्यानं आत दव धरतं आणि उरलीसुरली आशा जाते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी वस्तीत शिरलं तेव्हा भिजलेल्या डिस्का आल्या होत्या. ज्यांनी उन्हात वाळवून "चालू होते का बघू" म्हणून करंट दिला त्यांच्या सर्किटवर आणखी एक बिघाड चढला. भिजलेल्या डिस्कला करंट देऊ नये, तशीच लॅबकडे पाठवावी.

आवाज नीट असेल तर डिस्कची तब्येत बघायची. क्रिस्टलडिस्कइन्फो हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात 'रीअलोकेटेड सेक्टर' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' या दोन ओळी बघा. पेंडिंगच्या पुढं 'रॉ व्हॅल्यूज' रकान्यात शून्याशिवाय काही असेल तर डिस्कला काही सेक्टर वाचता येत नाहीयेत, आणि तिच्यावर तासन् तास स्कॅन चालवणं धोक्याचं आहे. आधी इमेज घ्यायची. खरं तर मी तब्येत उत्तम असली तरी आधी इमेजच घेतो.

आणि हे करू नका. विंडोज "ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल" म्हणतं, तेव्हा कॅन्सल. "डिस्क इनिशिअलाइज करा" म्हणतं, तेव्हाही कॅन्सल. चेकडिस्क चालवू नका. ते फाइल सिस्टीम सुसंगत करायला बघतं, तुमच्या फायली वाचवायला नाही, आणि बिघडलेल्या नोंदी दुरुस्तीच्या नावाखाली टाकून देतं. यातलं काही चुकून झालं असेल तर घाबरून जाऊ नका. इनिशिअलाइजनं सुरुवातीचे आणि शेवटचे थोडे सेक्टरच लिहिले जातात. क्विक फॉरमॅटनंतरही हार्ड डिस्कवर बरंच काही राहतं. पण व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्य लिहितो. क्विकची खूण काढून फॉरमॅट शेवटपर्यंत पूर्ण झाला असेल तर तिथं काढण्यासारखं काही उरत नाही. विंडोजच्या डिस्कपार्ट या साधनातल्या 'क्लीन' आणि 'क्लीन ऑल' या दोन आज्ञांमध्येही हाच फरक आहे. पहिली नोंदी पुसते, दुसरी सगळी डिस्क.

आधी इमेज

इमेज म्हणजे सगळ्या डिस्कची सेक्टर ते सेक्टर नक्कल, एका मोठ्या फाइलमध्ये. फायलींची कॉपी नव्हे. मोकळी दिसणारी जागासुद्धा जशीच्या तशी. नंतरचे सगळे प्रयोग या नकलेवर करायचे. चुकलं तर मूळ डिस्क आहे तशीच.

गिऱ्हाईक इथं नेहमी कुरकुरतं, "एवढा वेळ कशाला, डायरेक्ट स्कॅन करा की." मी ऐकत नाही. १ टीबीची डिस्क साटा केबलनं थेट जोडली आणि सेकंदाला १०० एमबी वेग मिळाला तर पावणेतीन तास लागतात. जुन्या यूएसबी २ वर तेच आठ तासांवर जातं. रात्री लावायचं आणि सकाळी बघायचं. माणसाच्या मुलीच्या लग्नाचे फोटो पणाला असताना एक रात्र ही फार मोठी मागणी नाही.

मी पेनड्राइव्हवरून उबुंटू लिनक्स चालू करतो आणि जीएनयू डीडीरेस्क्यू वापरतो. हे मोफत आहे आणि याची खुबी अशी की ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडणाऱ्या जागा मागं ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडे वळतं. आपण कुठवर आलो हे ते एका नोंद फाइलमध्ये लिहीत जातं. मध्येच लाइट गेली तर तिथूनच पुढं सुरू करता येतं, म्हणून ही नोंद फाइल द्यायला विसरू नका आणि ती पेनड्राइव्हच्या तात्पुरत्या जागेत नव्हे तर इमेजच्याच शेजारी ठेवा.

आज्ञा देताना क्रम असा: आधी मूळ डिस्क, मग इमेज फाइल, मग नोंद फाइल. हा क्रम उलटा झाला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. म्हणून एंटर दाबायच्या आधी डिस्कांची यादी काढून आकार आणि सीरियल नंबर वाचा, डिस्कवरच्या स्टिकरशी ताडून बघा. मी तो नंबर कागदावर लिहितो. इतक्या वर्षांनंतरही लिहितो. दोन्ही डिस्क १ टीबीच्या असतील तर विशेष.

इमेज ठेवायची डिस्क मूळ डिस्कपेक्षा मोठी हवी आणि तिचं फॉरमॅट फॅट३२ नको, कारण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. एनटीएफएस, एक्सफॅट किंवा लिनक्सचं ईएक्सटी४ चालतं. काढलेल्या फायलींसाठीही जागा लागणार आहे, म्हणून १ टीबीच्या डिस्कसाठी मी २ टीबीपेक्षा मोठीच घेतो.

लिनक्सची भीती वाटत असेल तर विंडोजवर डीएमडीई सारखं साधनही इमेज काढून देतं. फक्त ते चालवायचं दुसऱ्या कॉम्प्युटरवर, रुग्ण डिस्क जोडून. डेटा गेलेल्या डिस्कवरच्या विंडोजमधून नाही.

टेस्टडिस्क चालवताना

टेस्टडिस्क हे क्रिस्टोफ ग्रेनिए यांनी लिहिलेलं मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर. पडदा काळा, माउस चालत नाही, त्यामुळे लोक बिचकतात. पण या एका कामासाठी मला तरी याहून भरवशाचं काही मिळालेलं नाही. इमेज फाइलही ते डिस्कसारखीच उघडतं.

सुरू झाल्यावर लॉग फाइल करायची का विचारतं, हो म्हणा. मग डिस्क किंवा इमेज निवडा. मग पार्टिशन तक्त्याचा प्रकार: एमबीआर असेल तर 'इंटेल', नाहीतर 'ईएफआय जीपीटी'. ते स्वतः अंदाज सांगतं, पण इथं डोकं वापरा. फोटोग्राफरच्या डिस्कवर आता जीपीटी होतं, कारण त्या मुलानं नवीन केलं होतं. हरवलेला डी मात्र एमबीआरच्या काळातला. पार्टिशन शोधताना दोन्ही प्रकारांनी आतला एनटीएफएस सापडतो. जुन्याच प्रकारानं बघितलं तर त्या वेळची मांडणी समजायला सोपं जातं, एवढाच फायदा.

'अ‍ॅनालाइज' मध्ये आत्ताचा तक्ता दिसतो. त्यानंतर 'क्विक सर्च'. काही मिनिटांत ते जुन्या पार्टिशनांची यादी मांडतं. प्रत्येक ओळीवर जाऊन इंग्रजी पी हे अक्षर दाबा. फायलींची यादी उघडते. माझ्या लेखी सगळ्या कामातला निर्णायक क्षण हाच. फोल्डरांची नावं ओळखीची आली आणि आत शिरल्यावर फायली दिसल्या, तर एमएफटी जिवंत आहे. "फाइल सिस्टीम खराब असावी" अशा अर्थाचा संदेश आला तर मागं येऊन 'डीपर सर्च' करा. तो सगळी डिस्क चाळतो, तास लागतात, आणि यादीत कधीकाळी असलेली सगळी पार्टिशनं दाखवतो: पाच वर्षांपूर्वीची, डिस्क नवीन घेतली तेव्हाची. म्हणून आकार आठवावा लागतो. गिऱ्हाइकाला मी पहिलाच प्रश्न विचारतो, डी किती जीबीचा होता? बहुतेकांना आठवत नाही, पण "निम्म्याला निम्मं केलं होतं" एवढं सांगितलं तरी पुरतं.

आता सापडलेलं पार्टिशन तक्त्यात लिहायचं की नाही. हा विचार न करता 'राइट' दाबणारे खूप बघितलेत. नुसतं पार्टिशन डिलीट झालं असेल, त्याच्या जागी नवीन काही केलेलं नसेल आणि पी दाबल्यावर फायली नीट दिसत असतील, तर मूळ डिस्कवर 'राइट' करून रीस्टार्ट केलं की ड्राइव्ह जसाच्या तसा परत येतो. उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपची सीएनसी प्रोग्रामची डिस्क अशीच वीस मिनिटांत उभी राहिली होती. अर्थात इमेज काढून झाल्यावर. पण जुन्या पार्टिशनच्या जागेवर नवीन पार्टिशन बसलेलं असेल तर दोन्ही एका तक्त्यात मावत नाहीत. 'राइट' केलंत तर नवी विंडोज जाईल आणि जुना डीसुद्धा मध्ये मध्ये फाटलेल्या अवस्थेत येईल, ज्याच्यावर विंडोज लगेच दुरुस्ती करायला धावेल. अशा वेळी लिहायचं नाही. पी दाबून उघडलेल्या यादीत फोल्डर निवडायचे आणि दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायचे. स्मॉल सी दाबलं तर ज्या ओळीवर आहात ती फाइल किंवा फोल्डर जातो. बऱ्याच ओळी निवडल्या असतील तर कॅपिटल सी.

फोटोग्राफरचा डी 'डीपर सर्च' मध्ये सापडला. फोल्डर त्यांनी लावलेल्या नावांनीच होते, नवरा-नवरीची नावं आणि तारीख. फोल्डर उघडत गेलो तसं त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि नावं मोठ्यानं वाचायला लागले.

पण यादीत नाव दिसणं म्हणजे फाइल शाबूत असणं नाही. नोंदवहीत ऊस लिहिलेला असतो, शेतात मात्र दुसऱ्याचा नांगर फिरून गेलेला असू शकतो. त्या ६० जीबीच्या जागेत आलेले फोटो उघडले तर अर्धा फोटो आणि खाली राखाडी पट्टा, नाहीतर त्या नावाखाली भलत्याच लग्नाचा फोटो. म्हणून कॉपी झाल्यावर प्रत्येक फोल्डरमधल्या दहा-बारा फायली उघडून बघायच्या, विशेषतः मोठ्या.

नावं गेली असतील तर

एमएफटीच गेली असेल तर टेस्टडिस्कसोबतच येणारं फोटोरेक उरतं. ते फाइल सिस्टीमकडे बघतच नाही. सेक्टर वाचत जातं आणि जेपेग, पीडीएफ, कॅमेऱ्याची रॉ फाइल अशा प्रकारांच्या सुरुवातीच्या खुणा ओळखून फायली वेगळ्या काढतं. ४८० पेक्षा जास्त प्रकार त्याला ओळखता येतात. काढलेल्या फायलींना नाव मिळतं ते इंग्रजी एफ आणि पुढं सेक्टरचा आकडा असं.

फोटोंसाठी हे छान आहे, कारण फोटोच्या आत कॅमेऱ्यानं तारीख-वेळ लिहिलेली असते आणि एक्झिफटूल वापरून तारखेवारी फोल्डर लावता येतात. लग्नांच्या तारखा डायरीत असतातच. टॅलीच्या बाबतीत मात्र मी गिऱ्हाइकाला आधीच स्पष्ट सांगतो. टॅलीचा डेटा म्हणजे आकड्याच्या नावाचा एक फोल्डर आणि त्यात एकमेकांवर अवलंबून असलेल्या कितीतरी फायली. नावं आणि फोल्डर गेले तर त्यांचे सुटे तुकडे जोडून हिशेब उभा राहत नाही. तिथं एमएफटीवरूनच निघालं तर निघालं. नाहीतर सी.ए.च्या ऑफिसला शेवटचा बॅकअप कधी दिला होता ते शोधायचं, आणि तो बहुधा असतोच.

व्हिडिओचंही अवघड. मोठी फाइल डिस्कवर तुकड्यातुकड्यात पसरलेली असते, आणि फोटोरेकला सलग वाचत गेल्यावर पहिला तुकडा मिळतो, पुढचा कुठं आहे हे कळत नाही. शिवाय बरेच कॅमेरे एमपी४ फाइल कशी वाचायची याची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी लिहितात. शेवट मिळाला नाही तर एवढी मोठी फाइल असूनही चालत नाही.

एसएसडी आणि कुलूपबंद लॅपटॉप

इथपर्यंतचं सगळं फिरत्या हार्ड डिस्कचं. एसएसडी म्हणजे फिरता भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क. तिचं वागणं वेगळं. विंडोज ७ पासून फाइल डिलीट केली किंवा फॉरमॅट केलं की विंडोज एसएसडीला ट्रिम नावाचा निरोप पाठवतं, ही जागा आता लागणार नाही. एसएसडी मग ती जागा आतून साफ करून ठेवते आणि वाचायला गेलं की शून्य देते. नुसतं पार्टिशन डिलीट झालं असेल आणि फॉरमॅट झालेलं नसेल तर ताबडतोब बंद करून एकदा बघावं. फॉरमॅट होऊन नवीन विंडोज बसली असेल तर मी पैसे घेत नाही आणि आशाही लावत नाही. सध्याच्या काही बारीक एक्स्टर्नल हार्ड डिस्क, ज्यात पट्टे एकमेकांवर चढवून लिहिले जातात, त्याही ट्रिम मानतात. आवाज फिरत्या डिस्कचा येतो आणि वाचल्यावर सगळीकडे शून्य. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी दोन दिवस केबल बदलत बसलो होतो.

बऱ्याच नवीन लॅपटॉपमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, परस्पर चालू असतं. मालकाला पत्ताही नसतो. अशा पार्टिशनमध्ये फोटोरेकला काही सापडणार नाही, कारण सगळाच मजकूर कुलूपबंद. पार्टिशन परत आणलं तरी ४८ अंकी रिकव्हरी की लागते. लॅपटॉप ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं सुरू केला होता त्या खात्यात ती बहुधा साठवलेली असते. लॅपटॉप मुलाच्या किंवा दुकानदाराच्या ईमेलनं सुरू केलेला असतो हे विसरू नका. तिथंही शोधा.

दुरुस्त केलं तरी पुन्हा जातंय

काही डिस्का महिन्याभरात परत येतात, त्याच तक्रारीनं. त्यांचं कारण शोधल्याशिवाय नुसतं पार्टिशन परत लिहून देण्यात अर्थ नाही.

एक प्रकार ओळखायला शिकायला मला वेळ लागला. डिस्क यूएसबी केसमध्ये असताना नीट चालते. केसमधून काढून कॉम्प्युटरला थेट लावली की पार्टिशन नाही, फॉरमॅट करा म्हणते. परत केसमध्ये घातली की सगळं दिसतं. काही केसमधली सर्किट ५१२ बाइटचे सेक्टर ४,०९६ बाइटचे म्हणून दाखवतात. तक्त्यात पार्टिशन २५६ व्या सेक्टरला सुरू होतं असं लिहिलेलं असतं. केसच्या हिशेबानं ती जागा १ एमबीवर येते, थेट जोडल्यावर १२८ केबीवर, आणि तिथं काहीच नसतं. डिस्क चांगली, डेटा चांगला, फक्त मोजपट्टी बदललेली. अशा डिस्कवर 'राइट' करायचं नाही. मूळ केस शोधायची, डेटा दुसरीकडे घ्यायचा, आणि मग डिस्क नव्यानं फॉरमॅट करायची. काही केसची सर्किट तर डेटा परस्पर कूटबद्ध करून लिहितात. ती केस फेकून दिली असेल तर फार अवघड होतं. केस तुटली तरी आतली सर्किटची पट्टी टाकू नका.

दुसरा प्रकार घरातला. एक्स्टर्नल डिस्क सेट-टॉप बॉक्सला किंवा टीव्हीला लावली, रेकॉर्डिंगसाठी फॉरमॅट करायचं का असं पडद्यावर आलं, आणि घरच्या लहान-मोठ्या कुणीतरी ओके दाबलं. हे दोनदा झालेलं एक घर मला माहीत आहे. त्यांना मी डिस्कवर मोठ्या मराठी अक्षरात "टीव्हीला लावू नये" असा कागद चिकटवून दिला.

आणि सगळ्यात जास्त वेळा कारण असतं तेच, विंडोजचं इन्स्टॉलेशन. त्या पडद्यावर सी, डी, ई ही अक्षरं दिसतच नाहीत. दिसतं ते ड्राइव्ह ०, पार्टिशन २, पार्टिशन ३. माणूस अंदाजानं निवडतो. यावर सोपा उपाय आहे: आजच डी ड्राइव्हवर राइट क्लिक करून त्याला नाव द्या, लग्न-फोटो, हिशेब, काहीही. विंडोज १० पर्यंतच्या इन्स्टॉलेशनमध्ये पार्टिशनच्या क्रमांकाशेजारी ते नाव दिसतं. दुसरी डिस्क असेल तर तिची केबल काढूनच इन्स्टॉलेशनला बसा. आणि तो जीपीटीचा संदेश आला तर काही डिलीट करायची गरज नसते. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून एमबीआरटूजीपीटी नावाचं साधन आत येतं, ते विंडोज असलेल्या डिस्कचा तक्ता डेटा न पुसता बदलतं. तीनपेक्षा जास्त प्रायमरी, म्हणजे तक्त्यात थेट नोंदलेली, पार्टिशनं असतील किंवा डिस्कवर लॉजिकल, म्हणजे दुसऱ्या पार्टिशनच्या आत केलेलं, पार्टिशन असेल तर ते नकार देतं. मग बायॉसमध्ये जुन्या पद्धतीनं बूट करायची सोय असल्यास ती वापरा. आधी बॅकअप, हे दोन्हीकडे आलंच.

काम झालं म्हणून मूळ डिस्क लगेच वापरात घेऊ नका आणि इमेज पुसू नका. मी गिऱ्हाइकाची इमेज किमान महिनाभर ठेवतो. शाहूपुरीच्या त्या फोटोग्राफरांनी सगळे फोल्डर तपासून नेले होते. दोन लग्नांचे व्हिडिओ गेले, फोटो जवळपास सगळे मिळाले. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. एका बारशाचे फोटो लग्नांच्या फोल्डरात नव्हते, डेस्कटॉपवर ठेवले होते. डेस्कटॉप म्हणजे सी, आणि जुन्या सीवर नवी विंडोज बसलेली. ठेवलेली इमेज बाहेर काढून फोटोरेक फक्त पहिल्या दीडशे जीबीवर चालवलं. नावं नव्हती, पण त्या तारखेचे २१२ फोटो निघाले. बाळाला पाळण्यात घालतानाचा फोटो त्यात होता.